छिद्रापेक्षा लहान कण कसे अडतात: धनभारित गाळण माध्यम निवडण्याची, बसवण्याची आणि बदलण्याची पद्धत

घरगुती जलशुद्धीकरण यंत्राच्या कार्ट्रिजवर ‘५ मायक्रॉन’ किंवा ‘१ मायक्रॉन’ असा आकडा छापलेला असतो, आणि तो जितका लहान तितके पाणी शुद्ध, असे बहुतेक ग्राहक गृहीत धरतात. माती, गंज आणि शेवाळ यांच्या बाबतीत हे बरेचसे खरे असले, तरी विषाणूंपाशी येऊन हा हिशेब कोलमडतो. कावीळ पसरवणारा हिपॅटायटिस ईचा विषाणू साधारणपणे ३० नॅनोमीटर, म्हणजे ०.०३ मायक्रॉन व्यासाचा असतो. १ मायक्रॉनच्या छिद्राच्या आडव्या रेषेवर असे तीसहून अधिक विषाणू सहज मावतात. त्यांना निव्वळ छिद्राने अडवायचे, तर अल्ट्राफिल्ट्रेशनच्या किंवा आरओच्या पडद्याइतकी बारीक छिद्रे हवीत. मग दाब वाढवावा लागतो, प्रवाह मंदावतो आणि आरओच्या बाबतीत बरेच पाणी नाल्यात सोडावे लागते. यावर एक वेगळा उपाय आहे. छिद्रे मोठीच ठेवायची, पण गाळण माध्यमाच्या तंतूंना विद्युतभार द्यायचा आणि कण त्या तंतूंना चिकटू द्यायचे.

पाण्यातील विषाणूंचा प्रश्न किती गंभीर होऊ शकतो, हे दिल्लीने १९५५-५६ मध्ये अनुभवले. यमुनेचे पाणी जेथून उपसले जाई, तेथपर्यंत नजफगड नाल्याचे सांडपाणी पोहोचले आणि त्यानंतरच्या काही आठवड्यांत सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली. जलशुद्धीकरण केंद्रात तुरटीची आणि क्लोरिनची मात्रा वाढवली होती आणि टायफॉइडसारखे जीवाणूजन्य रोग फारसे वाढले नव्हते, तरीही विषाणू मात्र पुढे निसटला होता. साठवून ठेवलेल्या रक्तनमुन्यांच्या पुढील काळातील तपासणीतून ही साथ हिपॅटायटिस ईची असल्याचे स्पष्ट झाले. महाराष्ट्रात २०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीची जी मोठी साथ आली, तीही याच विषाणूची होती.

भार कोठून येतो

‘विद्युतभारित’ म्हटल्यावर अनेकांना वाटते की यंत्राला वायर जोडावी लागेल. तसे काहीही नसते. येथे भार म्हणजे घन पदार्थ पाण्यात भिजल्यावर त्याच्या पृष्ठभागावर आपोआप निर्माण होणारा भार. ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडच्या पृष्ठभागावर हायड्रॉक्सिल गट असतात. पाण्याचा सामू, म्हणजेच पीएच, पुरेसा कमी असेल तर हे गट पाण्यातील हायड्रोजन आयन उचलून घेतात आणि पृष्ठभाग धनभारित होतो; सामू वाढत गेला की ते हायड्रोजन आयन सोडून देतात आणि पृष्ठभाग ऋणभारित होतो. यांच्यामध्ये एक असा सामू असतो, जेथे एकूण भार शून्य होतो. वाळू आणि काच यांचा हा शून्यबिंदू २ ते ३ च्या आसपास असल्यामुळे नेहमीच्या पाण्यात त्या ऋणभारित असतात, तर बोहमाइट या ॲल्युमिनियमच्या खनिजाचा शून्यबिंदू ९ च्या वर असल्यामुळे तेच पाणी असताना त्याचा पृष्ठभाग धनभारित राहतो.

बहुतेक विषाणूंचे आवरण प्रथिनांचे असते आणि त्यांचा शून्यबिंदू साधारण ३.५ ते ७ च्या दरम्यान येतो. पाण्याच्या चाचण्यांमध्ये विषाणूंचा प्रतिनिधी म्हणून वापरला जाणारा एमएस-२ हा जीवाणूभक्षी (जीवाणूंना संसर्ग करणारा विषाणू) सुमारे २७ नॅनोमीटरचा असून त्याचा शून्यबिंदू ४ च्या जवळ आहे. सामू ७ ते ८ असलेल्या नळाच्या पाण्यात असे विषाणू, तसेच बहुतेक जीवाणू, चिकणमातीचे कण, कुजलेल्या पालापाचोळ्यातून येणारी ह्युमिक द्रव्ये आणि जीवाणूंच्या आवरणातून सुटणारी एंडोटॉक्सिने ऋणभारित असतात. ऋणभारित काचतंतूंच्या किंवा पॉलिप्रोपिलीनच्या साध्या गाळणीतून ती सहज पार होतात. धनभारित तंतूंना मात्र चिकटतात.

तुरटीमागचे रसायनही हेच आहे. गढूळ पाण्यात तुरटी फिरवली की ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचे धनभारित पुंजके तयार होतात, ते ऋणभारित मातीला धरतात आणि खाली बसतात. शेवग्याच्या बियांच्या पुडीनेही पाणी निवळते, कारण त्या बियांमध्ये धनभारित प्रथिन असते. आधुनिक माध्यमात फरक एवढाच की ॲल्युमिनियमचे हे संयुग पाण्यात मोकळे न सोडता तंतूंवर कायमचे बसवलेले असते.

या कल्पनेचा इतिहास थोडा अस्वस्थ करणारा आहे. बिअर आणि औषधे गाळण्यासाठी एकेकाळी ॲस्बेस्टॉस मिसळलेल्या गाळण्या सर्रास वापरल्या जात आणि त्या आपल्या छिद्रांच्या मानाने आश्चर्यकारक चांगले काम करीत, कारण क्रायसोटाइल ॲस्बेस्टॉस पाण्यात धनभारित असते. ॲस्बेस्टॉसचे धोके उघड झाल्यावर १९७० च्या दशकात त्याला पर्याय शोधावा लागला आणि सेल्युलोजवर किंवा नायलॉनवर धनभारित पॉलिमरचा थर देण्याची पद्धत रुजली. त्यानंतर फ्लोरिडातील आर्गोनाइड या कंपनीने, काही प्रमाणात नासाच्या अर्थसाहाय्याने, बारीक काचतंतूंवर सुमारे २ नॅनोमीटर जाडीचे बोहमाइटचे तंतू बसवलेले माध्यम विकसित केले. त्याची सरासरी छिद्रे जवळपास २ मायक्रॉनची असतात, म्हणजे विषाणूच्या साठपटींहून मोठी.

कण तंतूपर्यंत पोहोचतो कसा

येथे एक शंका उपस्थित होते आणि ती रास्त आहे. पाण्यात क्षार असतात. त्यांचे आयन भारित पृष्ठभागाभोवती गोळा होतात आणि त्याचा प्रभाव झाकून टाकतात. टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण (मिलिग्रॅम प्रति लिटर), १०० असलेल्या पाण्यात हा प्रभाव अंदाजे ६ नॅनोमीटरपर्यंत, ५०० टीडीएसच्या पाण्यात जेमतेम ३ नॅनोमीटरपर्यंत आणि बोअरवेलच्या १,५०० टीडीएसच्या पाण्यात २ नॅनोमीटरहूनही कमी अंतरापर्यंत पोहोचतो. याचा अर्थ असा की तंतू दुरून कणाला ओढून घेत नाही. ‘चुंबकासारखे खेचते’ हे विक्रेत्यांचे आवडते वाक्य म्हणूनच दिशाभूल करणारे आहे. गवतातून चालताना कपड्यांना कुसळे लागतात, तसा हा प्रकार आहे. कुसळ उडून येत नाही, कापडच त्याला जाऊन घासते.

कणाला तंतूपर्यंत नेण्याचे काम त्याची स्वतःची अस्थिर हालचाल करते. पाण्याचे रेणू सतत धक्के देत असल्यामुळे ३० नॅनोमीटरचा विषाणू २५ अंश सेल्सिअसला सुमारे १ मायक्रॉन अंतर ०.०३ सेकंदात भटकून पार करतो. एखाद्या चुणीदार कार्ट्रिजमधील माध्यम उलगडल्यावर ०.२ चौरस मीटर भरत असेल, त्याची जाडी १ मिलिमीटर असेल आणि त्यातून मिनिटाला ४ लिटर पाणी जात असेल, तर पाणी त्या माध्यमात अडीच ते तीन सेकंद रेंगाळते. तेवढ्या वेळात विषाणू एखाद्या तंतूला अनेकदा जाऊन भिडतो, आणि भिडल्यावर चिकटायचे की निसटायचे हे भार ठरवतो. प्रवाह दुप्पट केला की हा वेळ निम्मा होतो, त्यामुळे नळ पूर्ण सोडून भांडे झटपट भरण्याची सवय या माध्यमासाठी घातक ठरते.

कोठे उपयोग होतो आणि कोठे होत नाही

विषाणू, जीवाणू, बारीक चिकणमाती, कलिल स्वरूपातील (न विरघळता सूक्ष्म कणांच्या रूपात तरंगणारे) लोह आणि ह्युमिक द्रव्यांचा काही भाग हे या माध्यमाचे खरे लक्ष्य आहे. क्रिप्टोस्पोरिडियम (४ ते ६ मायक्रॉन) आणि जिआर्डिया (८ ते १२ मायक्रॉन) या सूक्ष्म परजीवींच्या पुटिका, म्हणजे कवचातील सुप्त रूपे, छिद्रांनीच अडतात. याउलट, पाण्यात पूर्ण विरघळलेले पदार्थ त्याच्या आवाक्यात नाहीत. पाण्याचा जडपणा, खारटपणा आणि नायट्रेट यांत काहीही फरक पडत नाही. यवतमाळ, चंद्रपूर या जिल्ह्यांतील अनेक गावांमध्ये पाण्यात फ्लोराइड जास्त आढळते. त्यासाठी दाणेदार ॲक्टिव्हेटेड ॲल्युमिनाचे संयंत्र वेगळे असते आणि त्याचे पुनर्भरणही वेगळे. नाव सारखे असले तरी पातळ चुणीदार कार्ट्रिजकडून त्या कामाची अपेक्षा ठेवू नये.

पहिली पायरी: पाणी तपासून घेणे

यंत्र विकत घेण्याआधी पाण्याच्या चार गोष्टी माहीत असायला हव्यात: सामू, टीडीएस, गढूळपणा आणि जीवाणूंची स्थिती. पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० या भारतीय मानकानुसार सामू ६.५ ते ८.५ असावा, टीडीएस ५०० मिलिग्रॅम प्रति लिटरपर्यंत स्वीकारार्ह मानावा (दुसरा स्रोतच नसेल तर २,००० पर्यंत), गढूळपणा १ एनटीयूपर्यंत (एनटीयू हे गढूळपणा मोजण्याचे एकक) असावा (पर्याय नसल्यास ५) आणि १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय सापडू नये. सामूच्या पट्ट्या आणि टीडीएस मीटर बाजारात सहज मिळतात. जीवाणूंसाठी एच-टू-एसची बाटली वापरता येते. तिच्यात पाणी भरून उबदार जागी ठेवल्यावर एक-दोन दिवसांत ते काळे पडले, तर विष्ठेतून आलेल्या जीवाणूंची दाट शंका घ्यावी. विहिरीचे किंवा बोअरवेलचे पाणी असेल, तर महाराष्ट्रात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेतून सविस्तर तपासणी एकदा तरी करून घ्यावी. विषाणूंची तपासणी मात्र घरगुती आवाक्यातील नाही. जीवाणू आढळले तर विषाणूही असू शकतात असे धरावे, आणि जीवाणू आढळले नाहीत म्हणून विषाणू नाहीतच, असे मात्र समजू नये. दिल्लीच्या साथीतून एवढे तरी घ्यावे.

नमुना एकदाच घेऊन भागत नाही. आपल्याकडे मार्च-एप्रिलमधील नळाचे पाणी आणि जुलैतील पाणी यांत मोठा फरक असतो, आणि टँकरने पाणी येणाऱ्या सोसायटीत तर आठवड्यागणिक स्रोत बदलू शकतो. शक्य असल्यास पावसाळ्याच्या पहिल्या पंधरवड्यातील पाणी आवर्जून तपासावे, कारण माध्यमाची खरी कसोटी तेव्हाच लागते.

या आकड्यांवरून निर्णय असा घ्यावा. टीडीएस ५०० च्या आत असेल आणि फ्लोराइड, नायट्रेट किंवा आर्सेनिक यांची अडचण नसेल, तर आरओची गरज बहुधा नसते. राष्ट्रीय हरित लवादानेही २०१९ मध्ये अशा पाण्यासाठी आरओच्या वापरावर बंदी घालण्याचे निर्देश दिले होते. धनभारित माध्यम अशाच पाण्यासाठी उत्तम. टीडीएस १,५०० च्या पुढे असेल तर चिकटण्याची क्षमता घटते आणि सामू ९ च्या जवळ असेल तर ती ढासळते. म्हणूनच सामू वाढवणारे ‘अल्कलाइन’ कार्ट्रिज या माध्यमाच्या आधी कधीही जोडू नये; हवेच असेल तर ते नंतर जोडावे.

दुसरी पायरी: कार्ट्रिज निवडताना विचारायचे प्रश्न

‘९९ टक्के विषाणू काढते’ हे वाक्य ऐकायला बरे वाटते, पण त्यातून फारसे काही कळत नाही. एका लिटरमध्ये १०,००० विषाणू असतील, तर ९९ टक्के काढल्यावर १०० उरतात आणि ९९.९९ टक्के काढल्यावर १ उरतो. आजारी पडण्यासाठी काही विषाणू फार थोड्या संख्येनेही पुरेसे असतात. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९८७ मध्ये जे मार्गदर्शक निकष ठरवले, त्यांत विषाणूंसाठी ९९.९९ टक्के, जीवाणूंसाठी ९९.९९९९ टक्के आणि पुटिकांसाठी ९९.९ टक्के घट अपेक्षित धरली आहे. त्याच निकषांत सर्वांत कठीण चाचणीचे पाणी मुद्दाम वाईट बनवतात: सामू ९ च्या जवळ, टीडीएस १,५००, गढूळपणा ३० एनटीयू, तापमान ४ अंश आणि भरपूर सेंद्रिय द्रव्य. सामू ९ ला चाचणी घेणे, म्हणजे धनभारित माध्यमाला त्याच्या सर्वांत कमकुवत जागी गाठणे होय.

तेव्हा विक्रेत्याकडे चाचणी अहवाल मागावा आणि त्यात चार गोष्टी शोधाव्यात. कोणता विषाणू वापरला? पाण्याचा सामू आणि टीडीएस किती होते? प्रवाह किती ठेवला होता? आणि सर्वांत महत्त्वाचे, किती लिटर पाणी गाळून झाल्यावर हे मोजमाप घेतले? कोऱ्या कार्ट्रिजवर पहिल्या दहा लिटरांत मिळालेला आकडा जाहिरातीसाठी ठीक आहे. ग्राहकाला कार्ट्रिजच्या आयुष्याच्या शेवटचा आकडा हवा असतो. ज्या अहवालात हा तपशील नाही, तो अहवाल नाही असेच मी मानतो.

माध्यम कशाचे आहे हेही विचारावे. बोहमाइटच्या माध्यमाचा भार सामूवर अवलंबून असतो. चतुर्थक अमोनियम गट असलेल्या पॉलिमरच्या थराचा भार सामू बदलला तरी टिकून राहतो, पण तो थर क्लोरिन किती सहन करतो याची खात्री निर्मात्याच्या माहितीपत्रकातून करून घ्यावी. राखाडी किंवा काळे माध्यम असेल, तर त्यात सक्रिय कार्बनची पूड मिसळलेली असते. ते वास आणि क्लोरिनही काढते.

तिसरी पायरी: जोडणीचा क्रम

धनभारित माध्यम कधीही एकटे आणि पहिले बसवू नये. त्याच्या आधी ५ मायक्रॉनचे पीपी स्पन (पॉलिप्रोपिलीनच्या तंतूंचे साधे) कार्ट्रिज असायलाच हवे. कारण साधे आहे: मातीचा कणही ऋणभारित असतो आणि विषाणूइतक्याच आनंदाने तंतूवर जागा अडवून बसतो. स्पन कार्ट्रिज स्वस्त असते. जे काम त्याच्याने होते, ते महागड्या माध्यमाकडून करून घेण्यात शहाणपण नाही.

सक्रिय कार्बन आधी ठेवावा की नंतर, यावर मतभेद आहेत आणि दोन्ही बाजूंना तथ्य आहे. कार्बन आधी ठेवला तर तो ह्युमिक द्रव्ये शोषून घेतो आणि धनभारित माध्यमाचे आयुष्य वाढते, पण क्लोरिनही निघून जात असल्यामुळे पुढच्या ओल्या माध्यमात जीवाणू वाढण्याला वाव मिळतो. महापालिकेचे क्लोरिनयुक्त आणि रंगहीन पाणी असेल तर स्पन, मग धनभारित माध्यम, मग कार्बन हा क्रम मला योग्य वाटतो. तलावाचे किंवा उघड्या विहिरीचे पिवळसर झाक असलेले पाणी असेल, तर कार्बन आधी घ्यावा.

शेवटी यूव्ही दिवा असल्यास उत्तम. गाळलेल्या स्वच्छ पाण्यात त्याचा प्रकाश नीट पोहोचतो. दोन्ही एकमेकांची उणीव भरून काढतात. ॲडेनोव्हायरससारखा विषाणू यूव्हीला फार चिवट प्रतिकार करतो, त्याच्या ९९.९९ टक्के निष्क्रियतेसाठी अमेरिकी नियमांत १८६ मिलिज्यूल प्रति चौरस सेंटिमीटर मात्रा धरली आहे, तर घरगुती यूव्हीसाठी सहसा ४० चा आकडा वापरला जातो.

चौथी पायरी: बसवणे

आधी दाब पाहावा. गच्चीवरील टाकीतील पाण्याची पातळी नळापेक्षा जितके मीटर उंच, तितके दशांश बार दाब ढोबळमानाने मिळतो. सर्वांत वरच्या मजल्यावर ३ मीटरची उंची असेल तर ०.३ बारच दाब मिळेल आणि तीन कार्ट्रिजच्या मालिकेला तो अपुरा पडेल. तेथे लहान बूस्टर पंप लागतो. खालच्या मजल्यांवर पंपाविना भागते, कारण मोठ्या छिद्रांमुळे हे माध्यम पडद्याच्या मानाने दाब फार कमी खाते.

हाउसिंग, म्हणजे कार्ट्रिज ज्यात बसते ते भांडे, आतून धुऊन घ्यावे, कार्ट्रिज हात स्वच्छ धुऊन किंवा हातमोजे घालून बसवावे आणि कार्ट्रिजच्या दोन्ही टोकांच्या रबरी चकत्या नीट टेकल्या आहेत का ते पाहावे. या चकत्यांकडे जेवढे लक्ष द्यावे तेवढे थोडेच. मिनिटाला ३ लिटर प्रवाह असताना चकतीच्या कडेने मिनिटाला केवळ ०.३ मिलिलिटर, म्हणजे पाच-सहा थेंब पाणी न गाळता निसटले, तरी तो दहा हजारावा हिस्सा होतो आणि ९९.९९ टक्क्यांच्या दाव्याची सारी मर्यादा तेथेच संपते. ही गळती हाउसिंगच्या आतली असल्यामुळे बाहेर एक थेंबही दिसत नाही. ओ-रिंगला (हाउसिंगच्या रबरी कड्याला) खाद्यदर्जाचे सिलिकॉन ग्रीस लावावे. खोबरेल तेल लावण्याची पद्धत सोडून द्यावी, कारण काही प्रकारचे रबर तेलाने फुगते. हाउसिंग हाताने घट्ट करावे आणि पाना फक्त उघडताना वापरावा.

नंतर सांगितले असेल तेवढे पहिले पाणी वाहू द्यावे, एक लिटरची बाटली नळाखाली धरून ती भरायला लागणारा वेळ मोजावा आणि कॉकने प्रवाह निर्मात्याच्या मर्यादेत आणावा. मर्यादा मिनिटाला ३ लिटरची असेल, तर बाटली २० सेकंदांहून लवकर भरता कामा नये. हा वेळ आणि बसवल्याची तारीख हाउसिंगवरच लिहून ठेवावी.

पाचवी पायरी: केव्हा बदलावे

सारे मार्गदर्शन येथे येऊन ठरते. साधे कार्ट्रिज निकामी होताना सांगून होते: ते तुंबते, धार बारीक होते आणि घरातील माणसे तक्रार करू लागतात. धनभारित माध्यमावरील जागा भरून गेल्या की धार बारीक होत नाही, पाण्याची चव बदलत नाही, वासही येत नाही. छिद्रे मोठीच असल्यामुळे पाणी पूर्वीसारखेच वाहत राहते, फक्त विषाणू चिकटायचे थांबतात. त्यामुळे ‘धार चांगली आहे, अजून चालेल’ हा तर्क येथे लागू होत नाही. गाळलेल्या लिटरांवरूनच बदलायचे ठरवावे.

हिशेब अवघड नाही. चार माणसांच्या घरात पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी माणशी ५ लिटर धरले, तर दिवसाला २० लिटर आणि वर्षाला ७,३०० लिटर होतात. कार्ट्रिजची क्षमता ३,००० लिटर सांगितली असेल, तर ते १५० दिवस, म्हणजे पाच महिने टिकते. पण क्षमता सहसा स्वच्छ पाण्यावर मोजलेली असते. पाणी गढूळ, रंगीत किंवा जास्त टीडीएसचे असेल, तर त्यातून सरळ निम्मी वजा करावी. पावसाळ्यात स्पन कार्ट्रिज तांबूस झालेले दिसले की ते लगेच बदलावे. अनेक घरे मेमध्ये नवे माध्यम बसवतात आणि पावसाळ्यात ते गढूळ पाण्याने भरून जाते; त्यापेक्षा जुने पावसाळा संपेपर्यंत, अर्थात त्याची क्षमता शिल्लक असेल तर, चालवून ऑक्टोबरमध्ये बदलणे सोयीचे.

रंगाची चाचणी

भार शिल्लक आहे की नाही, हे डोळ्यांनी पाहण्याची एक सोपी रीत आहे. खाण्याचा पिवळा रंग टार्ट्राझिन पाण्यात ऋणभारित असतो, त्यामुळे तो विषाणूचा ढोबळ प्रतिनिधी म्हणून चालतो. कार्ट्रिज बदलताना हातमोजे घालून जुन्या कार्ट्रिजच्या चुण्यांमधून तळहाताएवढा तुकडा कापावा, त्याची घडी घालून नरसाळ्यात बसवावी आणि त्यावर फिकट पिवळे पाणी हळूहळू ओतावे. शेजारी दुसऱ्या नरसाळ्यात साधा टिपकागद ठेवावा. टिपकागदातून पाणी पिवळेच उतरते. माध्यमात भार शिल्लक असेल, तर त्याच्या वरच्या थरावर पिवळा डाग उमटतो, तो घेराने वाढत जातो आणि खालच्या पेल्यात रंगहीन पाणी पडते. जुन्या तुकड्यातूनही पाणी पिवळेच उतरले, तर बदलायला उशीर झाला असे समजून पुढच्या वेळी मुदत कमी करावी. ही चाचणी चालू कार्ट्रिजवर करू नये, कारण रंगही तीच जागा व्यापतो; आणि कार्बन मिसळलेल्या राखाडी माध्यमावर ती निरुपयोगी आहे, कारण कार्बन भार नसतानाही रंग शोषतो.

आता त्याच पिवळ्या झालेल्या तुकड्यावर धुण्याच्या सोड्याचे पाणी ओतून पाहावे. बोहमाइटचे माध्यम असेल, तर अडकलेला रंग सुटून पेल्यात उतरू लागतो, कारण सोड्याने सामू वाढतो आणि धनभार नाहीसा होतो.

धुण्याचा मोह आणि विल्हेवाट

स्पन कार्ट्रिज ब्रशने घासून पुन्हा वापरण्याची सवय असलेल्या घरात धनभारित कार्ट्रिजही धुतले जाते, कधी साबणाच्या पाण्यात तर कधी ब्लीचमध्ये बुडवून. याहून वाईट काही करता येणार नाही. धुण्याचा सोडा आणि ब्लीचचे द्रावण दोन्ही अल्कधर्मी, म्हणजे जास्त सामूचे, असतात, आणि पाण्यातील विषाणू मोजणाऱ्या प्रयोगशाळा अडकलेले विषाणू सोडवून घेण्यासाठी नेमका अल्कधर्मी द्रवच वापरतात. अमेरिकी पर्यावरण संस्थेच्या पद्धतीत मोठ्या प्रमाणात पाणी धनभारित गाळणीतून सोडतात आणि मग सामू ९ चे बीफ एक्स्ट्रॅक्टचे द्रावण त्यातून फिरवून विषाणू परत मिळवतात. माध्यमाने पकडलेले विषाणू मेलेले नसतात, फक्त धरलेले असतात. डिटर्जंटमधील ऋणभारित घटक तर शिवाय तंतूंवर स्वतःच बसून राहतात आणि भार कायमचा झाकतात.

पाणी काही आठवडे बंद राहिले असेल, तर ओल्या माध्यमात जीवाणू वाढलेले असू शकतात. अशा वेळी कार्ट्रिज बदलावे. शहरात काविळीची साथ असेल, जलवाहिनीत सांडपाणी मिसळल्याचे जाहीर झाले असेल, घरात गरोदर स्त्री किंवा प्रतिकारशक्ती कमी झालेला रुग्ण असेल, तर गाळलेले पाणीही खळखळून किमान एक मिनिट उकळूनच द्यावे. हिपॅटायटिस ई गरोदरपणात विशेष धोकादायक ठरतो.

जुने कार्ट्रिज काढताना आधी पाण्याचा कॉक बंद करून दाब सोडून द्यावा, हाउसिंगमधील पाणी स्वयंपाकघरातील सिंकमध्ये न ओतता शौचकुपात टाकावे, कार्ट्रिज पिशवीत घालून तिचे तोंड घट्ट बांधावे आणि ती सुक्या कचऱ्यात न टाकता सॅनिटरी कचऱ्याबरोबर द्यावी. त्यानंतर रिकामे हाउसिंग क्लोरिनच्या पाण्याने धुऊन, ते साध्या पाण्याने दोनदा विसळून झाल्यावरच नवे कार्ट्रिज पाकिटातून बाहेर काढावे.